बारा प्लेटांची खोट

भालचंद्र पेडणेकर एकोणीसशे सहासष्ट साली खडकीच्या कारखान्यातून दिल्लीला आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन सदरे, एक स्वेटर आणि फडक्यात गुंडाळलेल्या, लोखंड घासायच्या सात कानशी होत्या. स्वेटर पहिल्याच थंडीत अपुरा पडला. कानशींनी मात्र त्यांना तीस वर्षं पोसलं.

दिल्लीतल्या एका सरकारी परीक्षणशाळेत ते टेक्निकल असिस्टंट होते. रेल्वेचे बोल्ट, विहिरी खोदायच्या यंत्रांचे दात, कातरीची पाती असं काय काय तिथे तपासायला यायचं, आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असायचा: हे पोलाद हवं तेवढं कडक आहे का? त्यासाठी मोठं यंत्र होतं, पण ते वर्षातले चार महिने बंद असायचं. मग अधिकारी म्हणायचे, “पेडणेकर जी, ज़रा देख लो.” पेडणेकर चष्मा कपाळावर सरकवायचे, तुकडा शिकंज्यात धरायचे, आणि कानस दोनदाच फिरवायचे. कानस खाते की घसरते, खाते तर किती जोर मागते, आवाज कोरडा येतो की ओला, एवढं ऐकून ते आकडा सांगायचे. यंत्र सुरू झाल्यावर तोच तुकडा लावला तर काटा दहा-पंधराच्या फरकाने तिथेच थांबायचा. पंजाबी फोरमनपासून डायरेक्टरपर्यंत सगळे त्यांना ‘कानसवाले बाबूजी’ म्हणायचे. कुणी चिडवून म्हणायचा, कुणी मानाने. पेडणेकरांना दोन्ही गोड लागायचं.

पंचाण्णव सालच्या जुलैत पद्मजा सरंजामे तिथे वर्ग एकची अधिकारी म्हणून आली.

ती पुण्याची होती. वय एकोणतीस, धातुशास्त्रातली वरची पदवी, आणि हातात घड्याळाच्या पेटीएवढं एक यंत्र. त्याची नळी पोलादावर टेकवली की आतला छोटा गोळा आपटून उसळायचा आणि पडद्यावर आकडा उमटायचा. पहिल्याच आठवड्यात डायरेक्टरांना गंमत सुचली. त्यांनी एक सळई मागवली आणि म्हणाले, “चलो, मुकाबला हो जाए.” पेडणेकरांनी कानस फिरवली आणि म्हणाले, “तीन सौ.” पद्मजाने नळी टेकवली. तीनशे आठ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवताना सगळे यंत्राकडे बघत होते.

पद्मजा त्यांच्याजवळ आली. “काका, काय हात आहे हो तुमचा! आठचाच फरक!”

ती मनापासून बोलली होती, हेही पेडणेकरांना कळलं. पण ‘आठचाच फरक’ हे शब्द घरी येईपर्यंत त्यांच्या कानात टोचत राहिले. तीस वर्षांत त्यांचा फरक कुणी असा तोंडावर मोजून दाखवला नव्हता.

आणि ती काका म्हणायची. वरिष्ठ अधिकाऱ्याने हाताखालच्या माणसाला काका म्हणावं, म्हणजे त्याला धड रागही काढता येत नाही. ते तिला मॅडम म्हणायचे आणि त्या शब्दावर उगीचच जोर द्यायचे.

घरी तरी सुटका व्हावी, तर तीही नव्हती. किदवईनगरच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या बायकोने, कुमुदने, तिला जेवायला बोलावलं. “एकटी पोर आहे हो, आपली मराठी.” पद्मजा आली, बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली. हात धुवायला गेली तर गिझर बंद. “चार महिने झाले,” कुमुद म्हणाली, “ह्यांना वेळच नाही.” पद्मजाने स्टुलावर चढून झाकण उघडलं, काहीतरी खरवडलं, तार घट्ट केली. दहा मिनिटांत गरम पाणी आलं.

“किती साधी आहे नाही?” ती गेल्यावर कुमुद म्हणाली.

“साधी!” पेडणेकर म्हणाले, आणि ऐन थंडीत आठवडाभर त्यांनी मुद्दाम गार पाण्याने आंघोळ केली.

दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पद्मजाने आरत्या म्हटल्या, तालासुरात. कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनात कुणी मंत्री आले, तर त्यांच्याशी बोलायला मंडळवाल्यांनी तिला पुढे केलं. ऑफिसात एखादं अवघड काम आलं की लोक पेडणेकरांच्या टेबलावरून पुढे जायचे आणि तिच्या दारावर टकटक करायचे. जाताना नमस्कार करायला विसरायचे नाहीत. तो नमस्कार पेडणेकरांना सगळ्यात जास्त झोंबायचा. ती चुकत असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ते तिच्या चुकीवर टपून बसले होते. दीड वर्ष बसले. ती चुकली नाही.

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत, दहा तारखेला, गुडगावच्या पुढे एका सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रातून बोलावणं आलं. नेमबाजीसाठी त्यांनी पोलादी लक्ष्यं मागवली होती. फरिदाबादच्या एका वर्कशॉपने चाळीस गोल प्लेटा पाठवल्या होत्या, परातीएवढ्या, बोटभर जाडीच्या, पांढऱ्या रंगाच्या. याच वर्कशॉपने पूर्वी पिस्तुलासाठी प्लेटा दिल्या होत्या आणि त्या चालल्या होत्या. पण रायफलची गोष्ट वेगळी. पिस्तुलाची गोळी नरम पोलादावरही चपटी होऊन खाली पडते. रायफलची गोळी नरम पोलादात वाटीसारखा खड्डा पाडते, आणि पुढची गोळी त्या खड्ड्यात शिरली की तिचे तुकडे वाटीच्या काठावरून वळून, ज्याने झाडली त्याच्याच तोंडावर येतात. म्हणून पोलाद इतकं कडक हवं की गोळीने त्याला खड्डा पडू नये. प्लेटा तशा आहेत की नाहीत, ते सांगायचं होतं.

पद्मजाने काम चोख केलं. पेडणेकर बाजूला उभे राहून बघत होते, आणि जितकं चोख होत होतं तितका त्यांचा जीव जळत होता. तिने वरच्या पाच प्लेटा काढून घेतल्या. रंग आणि वरची नरम कातडी ग्राइंडरने घासली, कारण त्या कातडीवर आकडा खोटा येतो. प्लेट पातळ असल्याने ती थरथरते आणि यंत्र फसतं, म्हणून प्लेटेखाली ग्रीस लावून ती जाड ऐरणीवर दाबून बसवली. प्रत्येक प्लेटेवर पाच ठिकाणी नळी टेकवली. पाचशे पाच, पाचशे बारा, चारशे अठ्ठ्याण्णव. रायफलला हवं अगदी तेवढंच.

कमांडंट खूश झाला. “मैडम, चाय पीजिए, तब तक रिपोर्ट भी लिख लीजिए.” तो तिला आत घेऊन गेला. पेडणेकरांना कुणी चहाचं विचारलं नाही. पद्मजाच दारात वळून म्हणाली, “काका, तेवढ्या प्लेटा मोजून कोठारात लावून घ्याल?”

मोजायचं काम! पेडणेकरांच्या अंगाचा तिळपापड झाला. तपासलेल्या पाच त्यांनी आधी मोजल्या आणि दोन जवान हाताशी घेऊन ते खोकं रिकामं करायला लागले. अठ्ठावीस प्लेटा निघेपर्यंत सगळ्या सारख्याच होत्या: मागच्या बाजूला टांगायची कडी, आणि ती कडी बोल्टाने बसवलेली. एकोणतिसावी उचलली आणि पेडणेकरांचा हात थांबला. हिच्या मागे बोल्ट नव्हता. कडी वेल्डिंगने चिकटवलेली होती. तिसावी तशीच. शेवटच्या बाराच्या बारा तशाच.

त्यांना काय घडलं असेल ते एका क्षणात दिसलं, जणू ते त्या वर्कशॉपमध्येच उभे होते. एवढ्या कडक पोलादात भोक पाडताना ड्रिलच्या बिट मोडल्या असणार. अठ्ठावीस भोकं कशीबशी पाडली असतील, मग कारागीर वैतागला असेल, माल पोचवायची घाई असेल; उरलेल्या बारांना वेल्डिंग मारून टाकलं. कडक केलेल्या पोलादाला असा जाळ लागला की त्या जागेचा कडकपणा उतरतो. ती जागा नरम पडते. आणि कडी नेमकी प्लेटेच्या मधोमध, म्हणजे पुढच्या बाजूने जिथे प्रत्येक नेमबाज नेम धरणार तिथे.

जवान तंबाखू मळायला बाहेर गेले. पेडणेकरांनी पिशवीतून कानस काढली. प्लेटेच्या काठाशी फिरवली. ती काचेवर घसरावी तशी घसरली. मग मधोमध रंग खरवडून फिरवली. कानशीने पोलाद खाल्लं. चमचमता कीस त्यांच्या बोटांवर पडला.

त्यांनी कीस पुसला, बोटभर थुंकी लावून खरवडलेल्या जागेवर धूळ चोळली, आणि ती प्लेट सगळ्यात खाली ठेवली. चाळीस प्लेटा मोजल्याची सही केली. बाहेर जीपमध्ये पद्मजा वाट बघत होती. तिच्या मांडीवर रिपोर्ट होता. चाळीसही प्लेटा रायफलसाठी योग्य.

“सगळं बरोबर ना काका?”

“चाळीस आहेत,” पेडणेकर म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्यांनी तोंड रस्त्याकडे वळवून ठेवलं, चेहऱ्यावरचा आनंद तिला दिसू नये म्हणून. दीड वर्षाने तिची चूक सापडली होती! आणि सापडली ती त्यांच्या कानशीला. तिने वरच्याच पाच घेतल्या. कुठलाही जुना माणूस खालचीही एक काढायला सांगेल. सोळा तारखेला डायरेक्टर आणि कमांडंटसमोर प्लेटांवर पहिला गोळीबार व्हायचा होता. तेव्हा सांगायचं, त्यांनी ठरवलं. गोळी झाडायच्या आधी, म्हणजे कुणाला काही होणार नाही, पण सगळ्यांसमोर. त्यांनी वाक्यही बनवून ठेवलं. “साब, ये प्लेटें रायफल के लायक नहीं हैं।” आंघोळ करताना, बसच्या रांगेत, जेवताना ते वाक्य ते मनात घोळवत राहिले.

“काय झालंय तुम्हाला?” कुमुदने विचारलं. “तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता?”

“काही नाही.”

चौदा तारखेला मंडळाची बस पानिपतला, लढाईच्या स्मारकाला, काला अंबला निघाली. दर संक्रांतीला जायची. थंडीने धुकं इतकं होतं की सोनीपतपर्यंत रस्ताच दिसला नाही. पद्मजा कुमुदच्या शेजारी बसली होती, दोघींनी एकच शाल घेतली होती. स्मारकापाशी फुलं वाहून झाल्यावर पद्मजा डबा घेऊन पेडणेकरांसमोर आली. “काका, तिळगूळ घ्या, गोड बोला.”

त्यांनी वडी तोंडात टाकली. ती काही केल्या गिळेना.

“परवा तुम्ही याच हं ट्रायलला,” ती म्हणाली. “मी फायरिंग लाइनवर उभी राहणारेय, गोळी झाडणाऱ्या उस्तादांच्या बाजूला. मला बघायचंय, प्लेट जवळून कशी वाजते.”

पेडणेकरांच्या मनात आलं, आत्ता सांगून टाकावं. इथेच, वडाखाली, कुणी ऐकत नाहीये. एक वाक्य, आणि उद्या ती बारा प्लेटा बाजूला काढेल. पण कुणी ऐकत नाहीये, हेच तर नको होतं. इथे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, “काका, वाचवलंत!” आणि पुन्हा सगळं तिचंच झालं असतं.

“येईन ना,” ते म्हणाले.

सोळा तारखेला सकाळी ते केंद्रावर पोचले तेव्हा धुकं नुकतंच उठत होतं. डायरेक्टर आले होते. कमांडंट होता. आणि नेमबाजी शिकवणारे उस्ताद ओमवीर, मिशीवाले, चाळिशीतले, हरियाणवी, लाइनवर रायफल घेऊन उभे होते. त्यांच्या उजव्या गालावर पट्टी होती, डोळ्याला लागून. डोळा सुजून जवळजवळ मिटला होता.

“अरे, ये क्या हुआ?” पद्मजाने विचारलं.

“कुछ नहीं मैडम. कल एक प्लेट टाँग के देखी, झूलती तो नहीं. रिपोर्ट पास की थी, सो दो-चार राउंड मार दिए. चौथी में कुछ उलटा आ गया.” ते हसले, पण गाल हलल्यावर ओठ आवळले. “डॉक्टर बोला, आधा इंच ऊपर होता तो आँख गई थी. मैंने सोचा कोई पत्थर-वत्थर होगा.”

पेडणेकरांनी पक्का हिशेब केला होता की गोळीबार सोळालाच होणार. पंधरा तारखेला कुणी गंमत म्हणून चार गोळ्या झाडेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

आणि तरीही, ही गोष्ट त्यांनी पुढे कुमुदलासुद्धा सांगितली नाही, त्या पट्टीकडे बघताना त्यांच्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते ओमवीरबद्दल नव्हतं. आता सुटत नाही ती, असं आलं.

“साब,” ते म्हणाले. “साब, ये प्लेटें रायफल के लायक नहीं हैं.”

सगळे वळले. पेडणेकरांनी कोठारातून सगळ्यात खाली ठेवलेली ती प्लेट आणवली. ओमवीरांनी गोळ्या झाडलेलीही आणली. तिच्या मधोमध वाटीएवढे खड्डे पडले होते, काठ वर उचललेले. पेडणेकरांनी पहिल्या प्लेटेच्या काठाशी कानस फिरवली, मग मधोमध. डायरेक्टरांनाही आवाजातला फरक कळला. त्यांनी वेल्डिंग दाखवलं, बोल्टाची प्लेट शेजारी धरून दाखवली. हे सगळं काम त्यांनी तीस वर्षं केलं तसंच स्वच्छ केलं.

पद्मजाने यंत्र काढलं. काठाशी पाचशे तीन. मधोमध दोनशे ऐंशी. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

ज्या क्षणासाठी ते सहा दिवस जगले होते, तो हाच. ते तिच्याकडे बघत राहिले.

तिने यंत्र पेटीत ठेवलं. मग त्या प्लेटेवर वाकली, आणि कानशीने खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. एक ओरखडा आत्ताचा होता, चकचकीत. त्याच्या शेजारी दुसरा होता, धूळ भरलेला, कडेला बारीक गंज धरलेला.

ती सरळ उभी राहिली आणि मराठीत बोलली. तिथे त्या दोघांखेरीज कुणालाच मराठी येत नव्हती.

“काका, हे तुम्हाला केव्हा कळलं?”

पेडणेकरांनी कानस फडक्यात गुंडाळली.

“दहा तारखेलाच?”

“हो. बाराच्या बारा.”

तिने ओमवीरांच्या गालाकडे पाहिलं. मग परत त्यांच्याकडे.

“क्या कह रही हैं मैडम?” कमांडंटने विचारलं.

“पूछ रही हूँ, ऐसी और कितनी हैं,” पद्मजा म्हणाली. “बारह हैं. सब अलग करवाइए. आज फ़ायरिंग नहीं होगी.”

त्या दिवशी तिने रिपोर्ट नव्याने लिहिला. नमुने फक्त वरच्या थरातून घेतले ही आपली चूक, असं तिने स्वतःच्या नावाने नोंदवलं. दोष श्री. पेडणेकर यांनी शोधला, असंही लिहिलं. कधी शोधला, ते लिहिलं नाही. वर्कशॉपने बारा प्लेटा परत नेल्या आणि त्यांच्याऐवजी बोल्ट लावलेल्या नव्या पाठवल्या.

पेडणेकरांना वाटलं होतं, ती आता खाली येईल. झालं उलटंच. डायरेक्टर साप्ताहिक बैठकीत म्हणाले, एवढ्या उघडपणे स्वतःची चूक कबूल करणारा अधिकारी त्यांनी आजवर पाहिला नव्हता. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पेडणेकरांना कौतुकाचं पत्र मिळालं. ते त्यांनी कुमुदला दिलं, कुमुदने शेजारच्या घरात नेऊन दाखवलं, आणि त्या रात्री त्यांना ताप चढला. पत्रही तिच्यामुळे! आता स्वतःच्या कौतुकावरही त्यांना जळायची वेळ आली.

ऑफिसात पद्मजा त्यांच्याशी पूर्वीसारखंच बोलायची, कामापुरतं. काका म्हणायची मात्र थांबली. पेडणेकर म्हणू लागली. जो शब्द त्यांना दीड वर्ष खुपत होता तो गेला, आणि त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

फेब्रुवारीच्या एका रविवारी ते गुडगावची बस पकडून प्रशिक्षण केंद्रावर गेले. ओमवीर बराकीबाहेर उन्हात खाटेवर बसून बूट पॉलिश करत होते. पट्टी निघाली होती. डोळ्याखाली गुलाबी व्रण राहिला होता.

पेडणेकर उभ्या उभ्याच बोलले. आपल्याला आधीच माहीत होतं हे सांगितलं. का सांगितलं नाही तेही.

ओमवीरांनी बूट खाली ठेवला.

“मेरे दो बच्चे हैं बाबूजी,” ते म्हणाले.

“जी.”

“आपका गुस्सा मुझ पर था?”

“नहीं. मैडम पर.”

“तो मेरे पास क्यों आए हो? माफ़ी चाहिए? मैं नहीं देता. आज तो नहीं देता.” त्यांनी पुन्हा बूट उचलला. “जिस पर गुस्सा था, उसको जा के बोलो. मुझे पॉलिश करने दो.”

पेडणेकर परत फिरले. बसमध्ये उभं राहून येताना त्यांना वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी त्यांनी पद्मजाच्या दारावर टकटक केलं. त्या दारावर त्यांनी स्वतःहून कधी हात ठेवला नव्हता.

“मॅडम, एक सांगायचंय. मी तुमच्यावर जळत होतो.”

ती फाइलवर काहीतरी लिहीत होती. मान वर केली. “माहीत आहे मला.”

“माहीत आहे?”

“पहिल्या आठवड्यापासून. त्या सळईच्या दिवसापासून.” तिने पेन बंद केलं. “बसा. पेडणेकर, मी प्रत्येक बाहेरच्या कामाला तुम्हालाच का न्यायची, तुम्हाला काय वाटलं? तुमच्याहून तरणी माणसं होती की. मला वाटायचं, माझ्यावर जळणारा माणूस बरोबर असलेला बरा. माझं काही चुकलं तर इतर कुणाच्या नजरेतून सुटेल, त्याच्या नाही सुटणार.” तिने फाइल मिटली. “आणि नाही सुटलं. तो सांगणार नाही, एवढंच माझ्या ध्यानात आलं नाही.”

पेडणेकरांचे डोळे भरून आले. आणि त्याच वेळी त्यांना जाणवलं की हा विचारही आपल्याला कधी सुचला नसता, आणि तिला एकोणतिसाव्या वर्षी सुचला होता. आतून पुन्हा काहीतरी चावलं. ते स्वतःवरच ओशाळले.

“मी ओमवीरकडे गेलो होतो,” ते म्हणाले.

“काय म्हणाले?”

“माफ नाही केलं.”

“मीही गेले होते,” पद्मजा म्हणाली. “तीन वेळा. मलाही नाही केलं.”

त्या दिवसापासून प्रत्येक मालाचा सगळ्यात खालचा थर काढल्याशिवाय तपासणी व्हायची नाही, असा नियम तिने लिहून घेतला. पेडणेकरांनी त्यावर साक्षीदार म्हणून सही केली. पुढची दोन वर्षं ते तिच्याबरोबर बाहेरच्या कामांना जात राहिले. दोघांत फार गप्पा होत नसत. एकदा आगऱ्याहून येताना तिने विचारलं, “कानस फिरवताना तुम्ही नेमकं काय ऐकता?” त्यांना पहिली इच्छा झाली ती सांगू नये अशी. मग सांगितलं, पलवलपासून दिल्लीपर्यंत सांगत राहिले. तीन महिन्यांत तिचा अंदाज त्यांच्या इतका जवळ यायला लागला की ते दोन दिवस घरी कुणाशी बोलले नाहीत.

ते निवृत्त झाल्यावर किदवईनगरचं क्वार्टर सोडून नोएडाला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. पद्मजाची बदली हैदराबादला झाली. तिचा फोन कुमुदला यायचा, महिन्यातून एकदा, रविवारी. पेडणेकर शेजारच्या खोलीत पेपर धरून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत.

एका रविवारी कुमुदने हाक मारली. “अहो, या. तुमच्याशी बोलायचं म्हणते.”

रिसीव्हर कानाला लावल्यावर त्यांना तिचा आवाज नीट ओळखू आला नाही, इतका तो घाईत होता.

“काका, एक अडलंय. नवीन प्लेटा आल्यात, आकडे सगळे नीट येतायत, पण मला एक रंग दिसतोय. भोकाच्या कडेला, पिवळसर निळा. उद्या माझी सही आहे. तुम्ही असला रंग पाहिलाय कधी?”

पेडणेकरांनी पाहिला होता. खडकीला, एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमाराला. भोक ड्रिलने न पाडता जाळाने कापलं की कडेला तसाच रंग चढतो, आणि तेवढी जागा नरम पडते. कुठे बघायचं, किती खोल घासायचं, आकडा काठापासून किती बोटं आत घ्यायचा, हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. तिने दोनदा “पुन्हा सांगा” म्हटलं, त्यांनी दोनदा पुन्हा सांगितलं. एकही गोष्ट मागे ठेवली नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी अर्ध्या तासाने तिला उलटा फोन लावला, कारण एक बारकावा राहून गेला होता.

मग जेवायला बसले. कुमुदने आमटी वाढली.

“नाव मात्र हिचंच होणार आता,” पेडणेकर म्हणाले. “बघ तू. हिचंच होणार.”

“भात घेताय का अजून?” कुमुदने विचारलं.

त्यांनी भात घेतला. संध्याकाळपर्यंत ते धुसफुसत राहिले, आणि झोपायच्या आधी कुमुदला म्हणाले की सोमवारी दुपारी आठवण करून दे, तिची सही काय झाली ते विचारायला फोन करायचा आहे.